बिडी, चिलीम आणि आपली पोरं
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



मी गिरणीतला माणूस. शाळा जेमतेम, बाकीचे वाचून शिकलो. भाषेचे सांभाळून घ्या.

आमच्या कार्डिंग खात्यात कापूस उडतो. तिथे काडी ओढायला सक्त मनाई, एका ठिणगीत खाते जळेल. म्हणून आम्ही तंबाखू मळायला शिकलो. धूर नाही, कुणाची हरकत नाही. पाचव्या शीलात दारू आहे, तंबाखूचे नाव कुठाय, असे मीच चारचौघांत म्हणायचो.

पुतण्याला सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत घातले. एकदा डबा घेऊन खोलीवर गेलो, तर उशीखाली पातळ कागद आणि फोडलेल्या सिगारेटी. वाटलं, सिगारेट ओढतो. पण ती तंबाखू गांजात मिसळायला काढलेली!

ही रीत जुनीच. चिलमीत गांजा भरताना तंबाखू घालत, खाली ओली छापी लावत. गांजा पुरतो, नीट जळतो. पोरांनी चिलमीच्या जागी कागद आणला एवढेच. खरी मेख पुढे आहे. पोरगा समजतो, आपण कधीमधी गांजा ओढतो, सिगारेटचे व्यसन आपल्याला नाही. पण झुरक्यागणिक निकोटिन जातेच की! मग गांजा नसला की सिगारेट लागते, आणि सिगारेट पेटली की गांजा आठवतो. एक सोडायला जावे तर दुसरे ओढून नेते. सुट्या सिगारेटी-बिड्या विकायला राज्यात 2020 साली बंदी झाली, पण मागणारा आहे तोवर देणारा सापडतोच.

1985 च्या कायद्याने गांजा नुसता ओढला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारी नोकरीची स्वप्ने बघणाऱ्या पोराला हे केवढ्याला पडेल! पण त्याच कायद्यात 64-अ कलम आहे. व्यसनी माणूस आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर ओढल्याबद्दल खटल्यातून सूट मिळते. म्हणून आयांनो, अब्रूपायी झाकून ठेवू नका. येरवड्याला मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेले.

पुतण्याला तिथे चल म्हणालो, तर तो म्हणाला, "काका, तुमच्या खिशात काय आहे?" बोलती बंद. पुडी नि चुन्याची डबी त्याच्या हातावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला.

आज माझा अकरावा दिवस. हिरड्या अजून मागतात.