चेन्नईची चौपाटी

रामेश्वरची यात्रा आटोपून परतणारी मराठी कुटुंबे पुष्कळदा एखादा दिवस चेन्नईला थांबतात. गाडी बदलावयाची असते, हाताशी काही तास मोकळे असतात आणि मुलांनी समुद्राचा हट्ट धरलेला असतो. अशा कुटुंबात बहुधा एक आजी असते, मुलगा-सून असतात, दोन नातवंडे असतात. आणि त्यांतल्या धाकट्याला पहाटे मरीनाच्या वाळूत नेऊन उभे केले की तो हमखास गोंधळतो. गिरगावच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर त्याने सूर्य पाण्यात बुडताना पाहिलेला असतो. येथे तो पाण्यातून वर येतो. "आजी, इथला समुद्र उलटा आहे का गं?" असे त्याने विचारले, तर त्याला हसण्याचे कारण नाही. हा प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. कोकणचा समुद्र ज्याला ठाऊक आहे, त्याला चेन्नईचा समुद्र अनेक अर्थांनी उलटाच वाटावा.

कोकणात डोंगर समुद्राला येऊन भिडतात. खाड्या आत शिरतात, आणि दोन टेकड्यांच्या कुशीत अर्धचंद्राकार पुळण निवांत पडलेली असते. चोलमंडलाच्या किनाऱ्याला अशी कूस नाही. तो सरळ, सपाट आणि उघडा आहे. मुंबईस उधाणाच्या वेळी पाणी चार-साडेचार मीटर चढते आणि उतरते. चेन्नईस हा फरक जेमतेम एक मीटरच्या आसपास राहतो. त्यामुळे ओहोटीच्या वेळी दूरवर उघडी पडणारी ओली वाळू, तिच्यावरची खेकड्यांची रांगोळी, शिंपल्या वेचीत आत आत जाणारी मुले, हे दृश्य येथे सहसा दिसत नाही. पाणी जागच्या जागी उभे राहून अखंड आदळत असते. या लाटांमुळेच जुन्या मद्रासला जहाज थेट किनाऱ्याला लागू शकत नसे. ते दूर नांगर टाकी आणि उतारूंना 'मसुला' नावाच्या होड्यांतून आणावे लागे. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याने शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला की खिळ्यांची होडी फुटे. शिवलेली होडी लवे आणि तरे. ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला तमिळ कोळी 'कट्टुमरम्', म्हणजे बांधलेले लाकूड, म्हणतात. हाच शब्द पुढे 'कॅटमरान' होऊन जगभर गेला.

आज मरीनावर पाऊल ठेवणाऱ्याला पाण्यापर्यंत पोचण्यासाठी सुमारे तीनशे मीटर वाळू तुडवावी लागते. सेंट जॉर्ज किल्ल्याच्या दक्षिणेकडून निघालेला हा पट्टा सुमारे सहा किलोमीटर पसरला आहे. इतकी वाळू येथे अनादी काळापासून असावी, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. इंग्रजांनी सन १६४० च्या सुमारास किल्ला बांधला तेव्हा समुद्र त्याच्या अगदी उंबरठ्याशी होता, आणि दक्षिणेकडे वाळूची केवळ एक अरुंद पट्टी होती. सन १८७५ च्या सुमारास मद्रास बंदराचे काम सुरू झाले. समुद्रात दगडी बांध घातले गेले, आणि निसर्गाच्या एका जुन्या रहदारीत अडथळा आला.

ही रहदारी वाळूची आहे. या किनाऱ्यावर लाटा बहुतेक काळ तिरक्या येतात आणि वाळूला थोडे थोडे उत्तरेकडे ढकलीत नेतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत ही दिशा उलटते. परंतु वर्षाचा हिशेब केला तर शिल्लक उत्तरेच्या बाजूला पडते. बांध आडवा आला तेव्हा दक्षिणेकडून येणारी वाळू त्याला अडून साचू लागली. समुद्र मागे हटला, किनारा रुंदावला. सन १८८१ ते १८८६ या काळात मद्रासचे गव्हर्नर असलेले माउंटस्टुअर्ट ग्रँट डफ यांना हा नवा किनारा आवडला. त्यांनी तेथे फिरण्याचा प्रशस्त रस्ता करविला आणि सन १८८४ मध्ये त्याला इटलीच्या आठवणीने 'मरीना' हे नाव दिले. चेन्नईची ही चौपाटी, अशा रीतीने, निम्मी समुद्राची आणि निम्मी माणसाची करणी आहे.

परंतु वाळूच्या हिशेबात कोणाच्या खात्यावर जमा झाले, तर कोणाच्या तरी खात्यावर खर्च पडतोच. जी वाळू मरीनाला मिळाली, ती बंदराच्या उत्तरेला पोचेनाशी झाली. रोयापुरमपासून पुढे एण्णोरच्या दिशेने समुद्र किनारा खात सुटला. कोळ्यांच्या वस्त्या मागे सरल्या, घरे गेली, रस्ते खचले आणि अखेर दगडांच्या राशी टाकून समुद्राला थोपवावे लागले. मरीनाच्या वाळूत किल्ला बांधणाऱ्या मुलाला हे सारे सांगण्याची गरज नाही. परंतु त्याच्या वडिलांना ते ठाऊक असावे. किनाऱ्यावर कोठेही नवा बांध घालण्याची योजना निघाली, की लाभ कोणाला हे विचारल्यानंतर तोटा कोणाला हेही विचारले पाहिजे, एवढा धडा या वाळूने गेल्या दीडशे वर्षांत दिला आहे.

दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, उन्हाने तापलेल्या शहराचा जीव भांड्यात पडतो, आणि संध्याकाळी सारे चेन्नई वाळूवर लोटते. ही वाळू पांढरीशुभ्र नाही, गव्हाळ आहे. चांदणे पडले की मात्र रुपेरी दिसते. डब्याला पिशवी लावून फिरणारी पोरे 'तेंगा, मांगा, पट्टाणी सुंडल' अशी आरोळी देतात. उकडलेले वाटाणे, त्यांवर ओले खोबरे आणि कैरीचे तुकडे. आपल्याकडच्या भेळेचा हा सोज्ज्वळ मावसभाऊ मराठी जिभेला परका वाटत नाही. रस्त्याच्या कडेला देवीप्रसाद रायचौधुरी यांचे श्रमविजयाचे शिल्प आहे. प्रचंड धोंडा हलविणारे चार मजूर त्यात कोरले आहेत. सन १९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी उभारलेले साहित्यिकांचे पुतळेही याच रस्त्यावर आहेत. सन १८४२ मध्ये बांधलेले 'बर्फघर' मुलांना अवश्य दाखवावे. अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ तेथे साठवीत असत. पुढे सन १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद त्याच वास्तूत राहिले.

प्रेसिडेन्सी कॉलेजच्या समोरच्या वाळूला स्वातंत्र्याच्या चळवळीत एक नाव मिळाले होते, 'टिळक घाट'. ज्या काळी सभेसाठी दिवाणखाने मिळत नसत, त्या काळी या वाळूने हजारोंना बसायला जागा दिली. पुण्याच्या एका संपादकाचे नाव मद्रासच्या समुद्राला मिळावे, ही गोष्ट मराठी प्रवाशाला सुखावणारी खरीच. आणि थोडी आश्चर्याचीही नाही. तंजावरच्या मराठी राज्यामुळे या मुलखात मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे त्यांच्यापैकीच एक. सन १८९१ मध्ये मद्रासलाच त्यांचे देहावसान झाले.

एवढे सारे पाहून झाल्यावर मुले पाण्यात जाऊ म्हणतात, आणि येथेच आईवडिलांची खरी परीक्षा असते. मरीनावर समुद्रस्नानास मनाई आहे. तसे फलक आहेत, पहारा आहे, बचावपथकेही आहेत. तरीही येथे माणसे बुडतात, आणि त्यांत तरुणांची संख्या मोठी असते. याचे कारण पाण्याच्या दिसण्यात आहे. किनाऱ्यावर आदळलेले पाणी कोठून तरी परत गेलेच पाहिजे. ते सर्व बाजूंनी सारखे परतत नाही. एखाद्या अरुंद वाटेने ओढ्यासारखे वेगाने आत धावते. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत भासते. ज्या शांततेला भुलून माणूस मुलाचा हात धरून उतरतो, तीच त्याला ओढून नेते. अशा ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसू नये. दमछाक होऊन तो बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या वाटेबाहेर पडावे आणि मग परत फिरावे. आणि ज्याला पोहता येत नाही, त्याने घोट्याएवढ्या पाण्यावर समाधान मानावे. यात कमीपणा मुळीच नाही.

दक्षिणेस अड्यार नदी ओलांडली की बेझंटनगरचा एलियट किनारा लागतो. मरीनाहून तो लहान, स्वच्छ आणि निवांत आहे. कुटुंबे तेथे मुद्दाम जातात. त्या वाळूत एक पांढरी कमान उभी आहे. अनेकांना ती केवळ सावलीची जागा वाटते. ३० डिसेंबर १९३० रोजी श्मिट नावाचा एक डॅनिश दर्यावर्दी बुडणाऱ्यांना वाचविण्यासाठी येथे पाण्यात शिरला. त्यांना वाचविण्याच्या प्रयत्नात तो स्वतः गेला. कमान त्याची आहे. परक्या देशात, परक्या माणसांसाठी प्राण वेचलेल्या या पुरुषाचे स्मारक नेमके सर्वांत शांत दिसणाऱ्या किनाऱ्यावर आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

समुद्राचे दुसरे रूप या शहराने २६ डिसेंबर २००४ रोजी पाहिले. रविवारची सकाळ होती. वाळूत मुले खेळत होती, वडीलधारी मंडळी फेरफटका मारीत होती. सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेल्या लाटा किनाऱ्यावर चालून आल्या. तमिळनाडूत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. चेन्नईतही बळी गेले, आणि सर्वांत मोठा घाव कोळीवाड्यांवर बसला. फिरावयास आलेले घरी परतले. कोळ्यांचे घरच तेथे होते. नोच्चिकुप्पम् असो वा उरूर कुप्पम्, हे कोळीवाडे आजही त्याच वाळूच्या काठावर आहेत. सकाळी त्यांच्या होड्या परततात, मासळी रस्त्याच्या कडेला मांडली जाते, जाळी उन्हात पसरतात. हौशी प्रवाशाला कधी कधी मासळीचा वास नकोसा वाटतो आणि जाळी वाटेत आलेली दिसतात. वस्तुतः वाट त्यांची आहे. पाहुणा तो आहे.

ज्यांना मुलांसह थोडे अधिक निर्धास्त व्हावयाचे असेल त्यांनी शहराच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या कोवलमला जावे. केरळातल्या नावाजलेल्या कोवलमहून हे गाव निराळे. त्याच्या किनाऱ्याला सन २०२१ मध्ये 'ब्लू फ्लॅग' हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. डेन्मार्कमधील एक संस्था ते देते, आणि त्यासाठी तेहेतीस कसोट्या आहेत. पाणी किती शुद्ध आहे, जीवरक्षक आहेत की नाहीत, कचऱ्याची व्यवस्था कशी आहे, अपंगांना येता येते का, असे प्रश्न त्यांत विचारलेले असतात. सूर्यास्त किती सुंदर दिसतो, याला त्यात गुण नाहीत. सौंदर्य निसर्ग देतो. किनारा कुटुंबाला योग्य करावयाचा तर ते काम माणसालाच करावे लागते, हे या कसोट्यांचे सार होय.

असेच काम चेन्नईत रात्रीच्या अंधारातही चालते. जानेवारी ते मार्च-एप्रिलच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या या किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. सन १९८८ मध्ये विद्यार्थ्यांनी त्यांच्या रक्षणासाठी एक संघटना उभी केली. त्या वर्षापासून तरुण मुले-मुली रात्र रात्र वाळू तुडवीत घरटी शोधतात, अंडी सुरक्षित जागी हलवितात आणि सुमारे दीड महिन्याने बाहेर पडणाऱ्या पिलांना समुद्राकडे सोडतात. पिले उजेडाकडे धावतात. पूर्वी रात्री समुद्रच अधिक उजळ असे. आता शहर अधिक उजळ आहे, आणि पिले समुद्र सोडून रस्त्याची वाट धरतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या किनाऱ्यावर सन २००२ पासून याच कामाची मराठी आवृत्ती पाहावयास मिळते. दोन समुद्र, दोन भाषा. पिलाची चाल मात्र तीच.

राहता राहिली कुटुंबातली आजी. तीनशे मीटर मऊ वाळू गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओलांडता येत नाही. इतकी वर्षे आजी रस्त्याच्या कठड्यावर बसून राही, आणि मुले ओले पाय घेऊन तिच्याकडे परत येत. सन २०२२ च्या नोव्हेंबरअखेर मरीनावर चाकाच्या खुर्चीतून पाण्याच्या जवळ जाता यावे म्हणून लाकडी मार्ग बांधण्यात आला. दोन आठवड्यांच्या आत मांडूस चक्रीवादळ आले आणि लाटांनी तो उखडला. तो पुन्हा दुरुस्त करण्यात आला. पुढेही समुद्र तो उखडील, आणि पुन्हा तो नीट करावा लागेल. किनाऱ्याशी माणसाचा व्यवहार असाच असतो. एकदा बांधून तो कधी संपत नाही.

त्या मार्गाच्या टोकाशी खुर्ची थांबते. पुढची लाट किती वर येईल ते कोणी सांगू शकत नाही. नातू दोन ओंजळी भरून पाणी आणतो, निम्मे वाटेत सांडतो आणि उरलेले आजीच्या पायांवर घालतो. रामेश्वरला स्नान झालेलेच असते; तरीही आजी हात जोडते. समोर पूर्वेचा समुद्र असतो, आणि त्याच्यातून सूर्य वर आलेला असतो.