किती खाल्ले ते तुम्हीच सांगायचं

  

मेक्सिकोतून परत आल्यापासून मला भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो. "काय रे, तिकडे लुटालूट फार असते ना?" यात त्यांची काही चूक नाही. 'नार्कोस' बघून आपल्या डोक्यात मेक्सिको म्हणजे बंदुका, पिवळसर उजेड आणि मिशीवाले खलनायक. आणि तिथे राहणारे परदेशी लोक, म्हणजे मेक्सिको सिटीत लॅपटॉप घेऊन बसलेले अमेरिकन, युरोपियन, आणि आपले आयटीवाले, यांच्याकडे दोन तयार उत्तरं असतात. एक गट म्हणतो, "फोन खिशातून काढू नकोस." दुसरा म्हणतो, "अरे, इतकी प्रेमळ माणसं जगात नाहीत!" मी तिथे दोन वर्षं काढली आणि मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात.

सुरुवात खाण्यापासून करतो, कारण मला सगळं तिथूनच कळतं.

मेक्सिको सिटीत फुटपाथवर टाकोची गाडी असते. तुम्ही जाता, उभे राहता, दोन सांगता. तो प्लेटवर प्लास्टिकची पिशवी चढवतो (म्हणजे प्लेट धुवायला नको, नुसती पिशवी बदलायची, जुगाडात ते आपले सख्खे भाऊ आहेत) आणि टाको देतो. मग तुम्ही अजून दोन घेता. बर्फाच्या पेटीतून कोल्ड्रिंकची बाटली स्वतःच काढून घेता. बाजूला पंधरा-वीस माणसं उभ्यानं खातायत. कुणी काही लिहून घेत नाही. टोकन नाही, क्यूआर नाही. शेवटी तुम्ही पैसे द्यायला पुढे होता आणि तो विचारतो, "क्वांतोस फ्वेरोन?" किती झाले? तुम्ही सांगाल तो आकडा. त्यावर हिशोब.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे टपरीवरही असंच असतं की. "चार चहा, दोन क्रीमरोल." बरोबर. पण टपरीवाला आपल्याला रोज बघतो, आपलं ऑफिस कुठलं हे त्याला माहीत असतं. ही गाडी मेट्रो स्टेशनच्या तोंडाशी होती. निम्मी माणसं त्याला आयुष्यात परत दिसणार नाहीत.

एकदा आम्ही चौघं भारतीय तिथे गेलो होतो. एक जण वयानं आणि पगारानं माझ्यापेक्षा बराच मोठा. त्यानं सात टाको खाल्ले. मी शेजारीच उभा होतो, मोजायचा हेतू नव्हता, पण सात लक्षात राहतात. पैसे देताना तो म्हणाला, "सिंको." पाच. आणि आमच्याकडे बघून डोळा मारला. एक टाको 18 पेसोंचा होता, म्हणजे दोनाचे 36. आपले पावणेदोनशे रुपये, तेही नाहीत.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सिएते." सात. गाडीवाल्यानं मानही वर केली नाही. मांस कापता कापता म्हणाला, "या से, ग्वेरो. सिएते ई उन रेफ्रेस्को." मला माहीत आहे रे गोऱ्या, सात आणि एक कोल्ड्रिंक. (मी सोलापूरचा. माझा रंग तुम्हाला दिसत नाहीये, पण 'गोऱ्या' ही हाक तिथे बाजारात सगळ्यांनाच मारतात, मनावर घ्यायची नाही.)

म्हणजे कोल्ड्रिंकही राहिलंच होतं.

साहेबांनी पैसे दिले. परतताना मला म्हणाले, "तू मध्ये कशाला बोललास? त्याला काय फरक पडतो?" पुढचे दोन महिने आमचं बोलणं फक्त कोड रिव्ह्यूपुरतं होतं. त्याची मला किंमत मोजावी लागली, ती वेगळी गोष्ट. मी मात्र एका दुपारी गर्दी नसताना गाडीवाल्याला विचारलं, तुला माहीत होतं तर तू का नाही बोललास? तो म्हणाला, दिवसाला दोनशे माणसं खातात, प्रत्येकाशी भांडत बसलो तर मांस करपेल.

मेक्सिकन लोक परदेशी माणसाशी प्रामाणिक वागतात का, हा प्रश्न आपण तावातावानं विचारतो. त्या गाडीवर प्रश्न उलटा होता. तो रोज आमच्यावर विश्वास टाकत होता.

आता दुसरी बाजू. शब्दांच्या बाबतीत मात्र हेच लोक तुम्हाला वेड लावतात. प्लंबर "आओरीता" येतो म्हणाला, तर त्याचा अर्थ आत्ता, संध्याकाळी, किंवा कधीच नाही, यातला कोणताही असू शकतो. पत्ता विचारा. माहीत नसेल तरी अनेक जण हसतमुखानं हात करून दिशा दाखवतात, कारण "मला माहीत नाही" म्हणून समोरच्याला रिकाम्या हातानं पाठवणं त्यांना उद्धट वाटतं. नवीन आलेला जर्मन किंवा अमेरिकन याला सरळ खोटं म्हणतो. मला ते तितकं परकं वाटलं नाही. "येतोच पाच मिनिटांत" म्हणून अंघोळीला जाणारी जमात आपलीच आहे. ओक्ताव्हिओ पाझ, ज्यांना 1990 साली साहित्याचं नोबेल मिळालं आणि जे 1962 ते 1968 दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते, त्यांनी 1950 च्या पुस्तकात मेक्सिकन माणसाच्या मुखवट्यांवर एक आख्खं प्रकरण लिहिलं आहे. म्हणजे ही तक्रार परदेश्यांनी शोधून काढलेली नाही.

बरं, मी इंजिनिअर माणूस. 'मला आलेला अनुभव' हा डेटा नसतो हे मला कळतं. म्हणून एक अभ्यास सांगतो. 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. संशोधकांनी 40 देशांतल्या 355 शहरांत 17 हजारांवर पाकिटं 'हरवली'. म्हणजे बँक, हॉटेल, म्युझियम, पोस्ट अशा ठिकाणी काउंटरवर जाऊन सांगायचं, हे रस्त्यात सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघा. पाकीट पारदर्शक, आत किल्ली, वाणसामानाची यादी, मालकाचा ईमेल. काहींत पैसे, काहींत नाहीत. गंमत अशी निघाली की पैसे असलेलं पाकीट लोक जास्त परत करतात! 40 पैकी 38 देशांत. उरलेले दोन देश कोणते? पेरू आणि मेक्सिको.

हे वाचून मी जरा गप्प झालो. आणि वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेमध्ये "बहुतेक लोकांवर विश्वास ठेवता येतो का?" याला मेक्सिकोत साधारण दहातला एक जण हो म्हणतो.

मग टाकोवाला खोटा का? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. त्या प्रयोगात प्रामाणिकपणा म्हणजे काउंटरवरच्या माणसानं एका अनोळखी पत्त्यावर ईमेल करणं. मेक्सिकोत खंडणीचे फोन हा रोजचा विषय आहे. अनोळखी माणसाशी आपण होऊन संपर्क करा, वर त्याचे पैसे आपल्याकडे आहेत असंही सांगा, हे तिथे कुणालाही चार वेळा विचार करायला लावेल. नंतर चीनमध्ये काही संशोधकांनी हाच प्रयोग करून दाखवलं की ईमेल न करणाऱ्या बऱ्याच जणांनी पाकीट नीट जपून ठेवलं होतं. म्हणजे मोजपट्टीचाही प्रश्न आहेच.

आणि पोलिसांत द्यायचं म्हणाल, तर तिथल्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या, इनेगीच्या, सर्वेक्षणानुसार 90 टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांची एकतर तक्रार होत नाही किंवा तपासच उघडला जात नाही. ट्रॅफिक पोलिसाच्या चिरीमिरीला तिथे 'मोर्दीदा' म्हणतात. शब्दशः अर्थ, चावा. "एल के नो त्रान्सा, नो आवान्सा" अशी म्हणच आहे, जो गंडवत नाही तो पुढे जात नाही. ही म्हण मला एका सहकारी मुलीनं शिकवली. ती उपनगरातून, एस्तादो दे मेहिकोतून यायची, आणि तिच्याबरोबर मी पहिल्यांदा कॉम्बीत बसलो.

कॉम्बी म्हणजे आपली वडाप समजा. मागे बसलेला माणूस पैसे पुढच्याच्या हातात देतो, तो त्याच्या पुढच्याच्या, असं ड्रायव्हरपर्यंत. सुटे पैसे त्याच हातांतून परत. पन्नासची नोट सहा अनोळखी हातांतून गेली आणि उरलेले पैसे मोजून परत आले. मी कौतुक करायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, फोन बुटात घाल, याच पट्ट्यात बंदूक दाखवून लुटतात. 2020 मध्ये मेक्सिको-तेस्कोको रस्त्यावरच्या कॉम्बीतला एक व्हिडिओ जगभर फिरला होता, प्रवाशांनी चोराला बेदम मारलं तो. तीच गाडी, तेच हात. यावर टाळ्या वाजवायच्या की घाबरायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायची होती.

आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर एक पन्नाशीच्या बाई होत्या. मला 'इन्हे' म्हणायच्या, इंजिनिअरचा शॉर्टफॉर्म. (बी.टेक.चा इतका मान मला सोलापुरातही मिळाला नाही.) एक दिवस म्हणाल्या, तांदा लावतोय, येतोस का? तांदा म्हणजे चक्क आपली भिशी! दहा जण, दर पगाराला, म्हणजे तिथे पंधरवड्याला, हजार पेसो. दर वेळी एकाला दहा हजार. आपले जवळपास पन्नास हजार रुपये. कागद नाही, सही नाही. कुणी बुडवलं तर बाईंच्या पदरचे जातात. त्यांचा पगार माझ्यापेक्षा किती कमी असेल याचा अंदाज करा.

चिठ्ठ्या टाकल्या, मला तिसरा नंबर आला. म्हणजे तीन हजार भरून मी दहा हजार घेणार. परदेशी माणूस, कॉन्ट्रॅक्टवर, इथे ना घर ना नातेवाईक. सफाईवाल्या मावशींचा नंबर नववा होता. मी बाईंना म्हटलं, मला शेवटचा द्या, मी उद्या निघून गेलो तर? त्या म्हणाल्या, चिठ्ठी ती चिठ्ठी.

आणि खरंच तसंच झालं. पाच हप्ते झाले होते आणि क्लायंटनं प्रोजेक्ट गुंडाळलं. दोन आठवड्यांत परत या. मी उरलेले पाच हजार एकदम घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाकीट परत माझ्याकडे सरकवलं. एवढी रोकड मी घरी ठेवू कुठे, म्हणाल्या, तू पंधरवड्याला पाठव. मी तिथलं बँक खातं चालू ठेवलं, पैसे त्यात टाकले आणि पुण्यात येऊन फोनवर रिमाइंडर लावला. पंधरा तारीख आणि महिनाअखेर. तिकडची सकाळ म्हणजे आपली रात्र. नवव्या हप्त्याच्या दिवशी बँकेचं ॲप उघडेना, तेव्हा मी दीड वाजेपर्यंत जागा होतो, कारण तो मावशींचा नंबर होता. गेले शेवटी.

दहावा हप्ता मागच्या महिन्यात गेला. बाईंचा लगेच मेसेज आला, आधी एक अंगठा, मग एक ओळ: "इन्हे, जानेवारीत नवीन तांदा आहे. तुझं नाव लिहू का?"

मी लिहा म्हटलंय. यावेळी चिठ्ठी व्हिडिओ कॉलवर काढणार आहेत.