तुराटी, चकमक आणि सीताबर्डी

आज खंडेनवमी. सकाळी कुणी विळ्याला हळदकुंकू वाहिलं असेल, कुणी पान्याला. कोराडीसारख्या वीज केंद्राच्या गावात पानेच जास्त. मी बोलणार आहे ते दोनशे वर्षांपूर्वीच्या चकमकीच्या बंदुकीबद्दल आणि तिच्या गोल गोळीबद्दल.

आधी दारू. ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. कोराडीला कोळशाचं कौतुक मी काय सांगू! पण आपला दगडी कोळसा इथे कामाचा नाही. बारुदीला हलका, चटकन पेटणारा लाकडी कोळसा लागतो आणि आपल्या देशात तो तुराट्यांपासूनही करत. वरण ज्या तुरीचं, दारूही तिचीच.

चाप ओढला की घोड्याच्या जबड्यातली गार पोलादावर घासते, ठिणग्या रंजकेत, म्हणजे बाहेरच्या चिमूटभर दारूत पडतात, आग कानातून, म्हणजे नळीच्या बारीक भोकातून, आत शिरते आणि बार होतो. झाला तर! हवा दमट असली की नुसती रंजकच भुर्रकन जळायची. वीस-तीस बारांनंतर गार बोथट व्हायची ते वेगळंच.

ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायाच्या बंदुकीची नळी पाऊण इंच रुंद, म्हणजे १९ मिलिमीटर. गोळी मात्र साडेसतरा मिलिमीटरच्या आसपास, वजन पावणेतीन तोळे. ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली. काळी दारू जळून निम्म्याहून अधिक काजळी मागे राहते. घट्ट गोळी काही बारांनंतर अडकली असती. पण सैल गोळी नळीत आपटत जाते आणि बाहेर पडताना शेवटी जिथे आपटली त्याच्या उलट्या बाजूला झुकते. शंभर पावलांपलीकडे एका माणसावर नेम धरणं म्हणजे नवसच.

मग १८१७च्या नोव्हेंबरात, २६च्या संध्याकाळपासून २७च्या दुपारपर्यंत, नागपूरच्या सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर कंपनीशी झालेल्या लढाईत काय घडलं? नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांकडे तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटणाऱ्या, लांब बंदुका होत्या. बंदूक जुनी म्हणून आपण हरलो, असं सर्रास सांगतात. मला ते पटत नाही. नेमाच्या बाबतीत तोड्याची बंदूक उणी नव्हती. २७च्या सकाळी अरबांनी कंपनीकडून धाकटी टेकडी घेतलीसुद्धा. उणी होती ती भरण्याच्या वेगात. जळता तोडा एका हाताने सांभाळत दारू ओतायची! कंपनीचा शिपाई काडतूस दातांनी फोडून मिनिटाला दोन-तीन बार काढी, आणि रांगच्या रांग एकदम झाडली की एकेकाच्या नेमाची गरजच उरत नसे. शिवाय कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांचा हल्ला झाला, अरबांकडच्या दारूच्या पेटीचा स्फोट झाला आणि धाकटी टेकडी कंपनीकडे परत गेली. तरी कंपनीचे ३६७ लोक मेले किंवा जखमी झाले.

आता पुढचा महिना बघा. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाज्यावर, म्हणजे आजच्या महालातल्या गांधी गेटवर, चढाई केली आणि ती फसली. भिंतीच्या आडोशाला बसलेल्या अरबाला घाई नव्हती. तोडा शिलगवायचा, नळी भिंतीवर टेकायची, नेम धरायचा. बोलणी होऊन अरब ३० तारखेला शहराबाहेर पडले, बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन.