ताओला ब्रह्म म्हणण्याआधी



आपल्याकडे ताओचा विषय निघाला की कुणीतरी लगेच निर्गुण ब्रह्माचे नाव घेतो. नाव नाही, रूप नाही, सगळे त्यातूनच निघते. मग वेगळे काय राहिले? हे आपुलकीपोटी होते, हे मी जाणतो. पण त्यामुळे ताओ म्हणजे नेमके काय, हा मोठा वाद ऐकून घेण्याआधीच मिटतो. आज मला त्या वादाविषयीच बोलायचे आहे.

सर्व वस्तूंच्या मुळाशी असलेले ‘नसणे’ म्हणजे ताओ, हा अर्थ चिनी भाष्यकार वांग बीने पक्का केला. इ.स. 249मध्ये तो वारला तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. तरी पुढे शतकानुशतके लाओत्सेचा ग्रंथ वाचताना त्याच्या भाष्याचा आधार घेतला गेला. मग 1993मध्ये हूबेई प्रांतातल्या ग्वोद्येन येथे एका थडग्यात बांबूच्या पट्ट्या सापडल्या, साधारण इ.स.पू. 300च्या. लाओत्सेच्या ग्रंथाच्या आजच्या 81 प्रकरणांपैकी निम्म्याहून कमी प्रकरणांचा मजकूर त्यांत आहे. ताओ शब्दांत मावत नाही असे सांगणारे पहिले प्रकरण त्यांत नाही. ताओतून एक, एकातून दोन अशी उत्पत्ती सांगणारे 42वेही नाही. आकाश-पृथ्वीच्या आधीपासून असलेल्या कशाचे तरी वर्णन करणारे 25वे मात्र आहे. ज्या प्रकरणांवर आपण ब्रह्माची तुलना उभी करतो, त्यांतली काही या सर्वांत जुन्या प्रतीत नाहीत. एवढ्यावरून ती मागाहून रचली असे म्हणता येत नाही; पट्ट्यांवर निवडक मजकूर उतरवला असणेही शक्य आहे. तरीही तुलना करणाऱ्याने इथे थांबायला हवे.

1992मध्ये अभ्यासक चॅड हॅन्सन यांनी तर सगळा पटच उलटा मांडला. त्यांच्या मते ताओ हे विश्वाच्या मागचे तत्त्व नव्हे. समाज भाषेतून माणसाला कसे वागावे ते शिकवतो, ती शिकवण म्हणजे ताओ. कन्फ्यूशियसच्या अनुयायांचा एक, मोझीच्या अनुयायांचा दुसरा. असे अनेक ताओ समोर ठेवून ताओवादी च्वांगत्से वाचला की तो गूढवादी उरत नाही, वादांच्या मुळाशी जाणारा कठोर विचारवंत दिसतो. हे श्रेय हॅन्सन यांना द्यायलाच हवे. मात्र 25वे प्रकरण त्यांच्या चौकटीत बळेच बसवावे लागते.

मला अधिक पटतात ते चिनी तत्त्वज्ञ मोउ त्सोंगसान. 1963च्या ग्रंथात त्यांनी वांग बीलाच हाताशी धरले आणि निष्कर्ष वेगळा काढला. ताओ काही निर्माण करत नाही. आपण वस्तूंवरची पकड सोडतो, त्यांची वाट अडवत नाही, आणि त्या आपोआप वाढतात. ताओचे ‘जन्म देणे’ ते एवढेच. म्हणजे ताओ हे जगामागचे द्रव्य नव्हे, साधनेने मोकळ्या झालेल्या मनाची ती भूमी आहे. त्यांचे समकालीन तांग ज्वुनयी यांना हे मान्य नव्हते. त्यांच्या दृष्टीने ताओला मनाबाहेर खरे अस्तित्व आहे. दोघेही त्याच परंपरेत वाढलेले. शंकराचार्य आणि रामानुजाचार्य यांच्यातला भेद शिकलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना या मतभेदाचे वजन वेगळे सांगावे लागणार नाही.

म्हणून तरुण अभ्यासकांना माझी विनंती आहे. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तरी अभिजात चिनी शिका, आणि वांग बीचे भाष्य इंग्रजीच्या वाटेने न आणता थेट मराठीत आणा.