आधी लाईट जाते, मग रेंज, मग रस्ता

आज आपल्या यवतमाळबद्दल बोलू. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब. त्यामुळे बातम्यांत चक्रीवादळ आलं की आपण चॅनल बदलतो. ते कोकणवाल्यांचं, ओडिशावाल्यांचं, आपल्याला काय!

आता ही तारीख ऐका. २६ सप्टेंबर २०२१. बंगालच्या उपसागरातलं 'गुलाब' वादळ संध्याकाळी आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं. जमिनीवर आल्यावर वारा कमी झाला, पाऊस मात्र नाही. तो विदर्भ-मराठवाड्याकडे सरकत आला. २८ तारखेच्या सकाळी उमरखेडजवळ दहागावच्या पुलावरून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यात प्रवाशांसकट एसटी बस वाहून गेली. जीव गेले.

हिशोब करा. वादळ किनाऱ्यावर आलं तिथपासून या सकाळपर्यंत साधारण दीड दिवस होता. हा दीड दिवस आपल्या कामाचा आहे.

कारण आपल्याकडे सगळं एकदम बंद पडत नाही, एकामागून एक पडतं. वाऱ्यानं झाड तारांवर पडलं की लाईट जाते. मग नळाची मोटर बंद. टॉवर काही तास बॅटरीवर चालतो, नंतर रेंज जाते. रेंज गेली की १०८ ला फोन लागत नाही. आणि लागला तरी नाल्यावर पाणी असेल तर गाडी येणार कुठून? एखाद्या तांड्यावर किंवा कोलाम पोडावर बाळंतपणाची बाई असेल, तर तिच्यासाठी ही साखळी म्हणजे जिवाशी खेळ.

२० जुलै २०२३ ला आपल्यापैकी कित्येकांचा फोन अचानक मोठ्यानं वाजला होता, आठवतं? सरकारचा चाचणी संदेश होता. आपण त्यावर मीम बनवले. बरोबर दोन दिवसांनी, २२ जुलैला, महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर माणसं पुरात अडकली. त्यांच्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली.

म्हणून मोबाईलचा खरा उपयोग रेंज जायच्या आधी आहे. 'सचेत' आणि 'दामिनी' ही दोन्ही ॲप मराठीत सूचना देतात. 'दामिनी' खास विजेसाठी आहे, शेतात काम करणाऱ्यांनी ठेवाच. इशारा आला की फोन आणि पॉवर बँक चार्ज करा, पिण्याचं पाणी भरून ठेवा, आणि गावात कोणाचे दिवस भरलेत, कोणाचं डायलिसिस चालू आहे, हे आशाताईंना विचारा. त्यांना नाल्याच्या अलीकडे, दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आदल्या दिवशीच पोचवा. ज्या आजोबांकडे साधा फोन आहे, त्यांना घरी जाऊन सांगा. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलं म्हणजे सांगितलं असं होत नाही.

आणि पुलावर पाणी असेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणी कारला उचलू शकतं, दोन फूट पाणी त्याहून मोठ्या गाडीला. टू-व्हीलरचं तर बोलायलाच नको. मागून कोणी हॉर्न वाजवला, 'अरे, जातं रे' म्हणालं, तरी थांबा. पाणी काही तासांत उतरतं.

तुमच्या गावात पहिल्यांदा काय बंद पडतं? कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून राहा!