कार यांचे पुस्तक आणि कुंभकोणमचा विद्यार्थी



कावेरीकाठचे कुंभकोणम मराठी माणसाला अगदीच परके नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले हे गाव. पुढे बडोद्याचे दिवाण म्हणून कीर्ती मिळविलेले सर टी. माधवराव येथल्याच एका मराठी कुटुंबात १८२८ मध्ये जन्मले. या गावात सारंगपाणी मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसे जुने घर आजही जपून ठेवलेले आहे. कापडाच्या दुकानात कारकुनी करणारे श्रीनिवास अय्यंगार, देवळात भजने गाणाऱ्या कोमलताम्माळ आणि त्यांचा मुलगा रामानुजन यांचे हे घर.

संसाराला हातभार म्हणून या घरात महाविद्यालयात शिकणारी मुले राहावयास ठेवीत. त्यांच्या पुस्तकांवर रामानुजन वाढला. लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्याने शाळकरी वयातच संपविले. त्या विषयातले काही निष्कर्ष त्याने स्वतः शोधून काढले होते. ते आधीच सिद्ध झालेले आहेत असे कळल्यावर त्याने आपले कागद घराच्या छपरात दडवून ठेवले, असे सांगतात. त्या वयात लाजही किती मोठी असते!

१९०३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक जाडजूड पुस्तक एका मित्राकरवी त्याच्या हाती आले. जॉर्ज शूब्रिज कार हे लंडनमधील शिकवणी घेणारे गृहस्थ. केंब्रिजच्या परीक्षार्थींसाठी त्यांनी गणितातील सुमारे पाच हजार निष्कर्षांचा हा संग्रह केला होता. प्रत्येक निष्कर्षाला क्रमांक, आणि सिद्धतेच्या जागी बहुधा एखादी ओझरती सूचना किंवा मागच्या क्रमांकाचा निर्देश. विवेचन नाही, गोडी लावणारी प्रस्तावना नाही, शेजारी बसून समजावणारे कोणी नाही. जे शिकून झाले आहे त्याची उजळणी करण्यासाठी लिहिलेले हे पुस्तक रामानुजनने शिकण्यासाठी उघडले. सिद्धता दिलेली नाही, म्हणून ती स्वतः शोधायची. एक सापडली की तिच्या वाटेवर पुस्तकात नसलेले आणखी काही दिसे, ते वहीत उतरवायचे. कागद महाग असल्याने आकडेमोड पाटीवर चाले आणि पुसण्याचे काम कोपर करी. वहीत उरत ते केवळ निष्कर्ष, अगदी कार यांच्या पद्धतीने.

टाउन हायस्कूलने आपले कर्तव्य उत्तम बजावले. १९०४ मध्ये मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी त्याला गणिताचे पारितोषिक दिले आणि याला शंभरापेक्षाही अधिक गुण द्यावयास हवेत, असे सांगितले. अडचण पुढच्या पायरीवर होती. महाविद्यालयात गणिताखेरीज सारे विषय मागे पडले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ मध्ये मुलगा घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला. पुढे मद्रासच्या पच्चय्यप्पा महाविद्यालयातून दोनदा प्रयत्न करूनही एफ.ए.ची परीक्षा पदरात पडली नाही.

हे अपयश म्हणजे प्रतिभेचीच खूण, असे मानण्याचा मोह पालकांनी आणि शिक्षकांनीही आवरावा. अठरा ते पंचवीस ही गणितज्ञाच्या घडणीची वर्षे रामानुजन यांच्या हातून मार्गदर्शनावाचून निघून गेली, याची खंत प्राध्यापक हार्डी यांना अखेरपर्यंत राहिली. मूळ संख्यांविषयीची रामानुजन यांची सुरुवातीची काही विधाने चुकीची ठरली. त्यासाठी लागणारी संमिश्र चलांच्या फलनांची उपपत्ती कार यांच्या ग्रंथात नव्हती, आणि ती शिकविणारे जवळपास कोणी नव्हते. एकट्याने शिकण्याची ही किंमत होती आणि ती लहान नव्हती. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकुनी करीत असताना, जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी हार्डींना पत्र लिहिले. पुढचा वर्ष-सव्वावर्षाचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

कुंभकोणमच्या त्या ओसरीवरून निघालेली वाट आजच्या भौतिकशास्त्रापर्यंत कशी पोहोचली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूक्ष्म स्वरही उमटतात. विश्वातील मूलकण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची निरनिराळी कंपने होत, अशी स्ट्रिंग सिद्धांताची कल्पना आहे. समजा, अशा तारेजवळ ऊर्जेचे चार एकांश आहेत. ते सर्व चौथ्या कंपनाला देता येतील. किंवा तीन आणि एक. दोन आणि दोन. दोन, एक आणि एक. अथवा चारही एकेक करून पहिल्या कंपनाला. एकूण रीती पाच. ४ या संख्येची विभाजने मोजणे ते हेच! २०० ची विभाजने ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतकी भरतात. मॅकमोहन यांनी हा आकडा कष्टाने हाती मोजला होता. हार्डी आणि रामानुजन यांचे १९१८ चे सूत्र त्याच्याशी जुळले.

बार्टन झ्विबाख यांचे स्ट्रिंग सिद्धांताचे पाठ्यपुस्तक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात तारेच्या उष्मागतिकीच्या प्रकरणात विद्यार्थ्याला हेच सूत्र भेटते. ऊर्जा वाढली की तारेच्या अवस्था किती झपाट्याने वाढतात, हे त्यावरून कळते. सर्वांत साध्या स्ट्रिंग सिद्धांतात तारेला कंप पावण्यासाठी चोवीस दिशा असतात. रामानुजन यांनी १९१६ च्या निबंधात एक अनंत गुणाकार अभ्यासला होता. त्यातला घातांकही चोवीसच, आणि त्या गुणाकाराच्या व्यस्तातून त्या तारेच्या अवस्थांची मोजणी मिळते. स्ट्रिंग सिद्धांताला प्रयोगाचा आधार अद्याप मिळालेला नाही, हेही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. पण त्यातले गणित पक्के आहे.

रामानुजन १९१९ मध्ये आजारी अवस्थेत परतले. १२ जानेवारी १९२० रोजी मद्रासहून हार्डींना धाडलेल्या शेवटच्या पत्रात त्यांनी ‘मॉक थीटा’ असे नाव देऊन सतरा नवी फलने मांडली. २६ एप्रिलला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. ही फलने नेमकी कोणत्या कुळातली, याचा उलगडा २००२ मध्ये झ्वेगर्स यांच्या प्रबंधाने केला. पुढे २०१२ मध्ये आपल्या कोल्हापूरकडचे अतिश दाभोलकर, समीर मूर्ती आणि गणितज्ञ डॉन झागिए यांनी दाखविले की, स्ट्रिंग सिद्धांतातील विशिष्ट कृष्णविवरांच्या अवस्था मोजणारी फलने याच कुळातली आहेत.

पत्रात कृष्णविवराचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. त्यात आहेत ओळीने लिहिलेली सूत्रे आणि त्यांच्याविषयीची विधाने. सिद्धता कार यांच्या पुस्तकाप्रमाणेच वाचणाऱ्याने शोधायच्या होत्या.