ट्वीट कोणाचे, भोग कोणाचे?



'नेते आणि समाजमाध्यमे' हा विषय दिल्ली-मुंबईचा वाटतो खरा, पण त्याची झळ आपल्या बेळगावला कशी लागते, हे आपण सर्वांनी डिसेंबर २०२२ मध्ये अनुभवले आहे. म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

सीमाप्रश्नावरून त्या वेळी दोन्ही राज्यांच्या नेत्यांची शाब्दिक चकमक चालू होती. ६ डिसेंबरला हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. महाराष्ट्राच्या एस.टी.ने कर्नाटकात येणाऱ्या फेऱ्या थांबवल्या. आपली लग्नकार्ये, दवाखाने, लेकीसुना सगळे कोल्हापूर-सांगलीकडे. त्यामुळे खोळंबा झाला तो आपला.

१४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री श्री. अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत एकत्र बसवले. बैठकीनंतर त्यांनी सांगितले, की बड्या नेत्यांच्या नावाने काढलेल्या बनावट ट्विटर खात्यांमुळेही वातावरण बिघडले आणि अशा प्रकरणांत गुन्हे नोंदवले जातील. कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांच्या नावाने फिरलेली वादग्रस्त ट्विटे त्यांची नव्हेतच, असा खुलासाही पुढे आला.

खुलासा खरा असेल, तर आमचा साधा प्रश्न आहे. आपल्या नावाने कोणी आग लावतो आहे, हे कळल्यावर त्याच दिवशी माईकपुढे येऊन 'हे माझे नव्हे' असे का सांगितले गेले नाही? दगडफेक होईपर्यंत आणि दिल्लीचे बोलावणे येईपर्यंत थांबायचे कारण काय? आणि खुलासा खरा नसेल, तर मग बोलायलाच नको.

मंडळी, दुखणे येथेच आहे. नेत्यांना हे माध्यम हवे असते ते मधे वार्ताहर नको म्हणून. पत्रकार परिषदेत उलट प्रश्न येतो, ट्वीटला तो टाळता येतो. शब्द अंगलट आला, की खाते बनावट किंवा चूक कार्यालयातल्या पोराची. पण तेच माध्यम सामान्य माणसाच्या हाती आले, की नेत्यांना कायदा आठवतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. ज्या ६६-अ कलमाची तेव्हा देशभर चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पुढे २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम केला, की सरकारी कारभाराबद्दलची कोणती बातमी खोटी, हे सरकारचाच एक विभाग ठरवील. म्हणजे परीक्षार्थीच परीक्षक! मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तोही नियम रद्द ठरवला.

याचा अर्थ अफवांना मोकळे रान असावे, असा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी समाजातील पाच निरपराध माणसे जमावाने ठेचून मारली. त्या दिवसांत अशा अफवा मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. तेव्हा नेत्यांची चिंता सर्वस्वी खोटी नाही. मात्र अफवेवरचा उतारा तातडीची खरी माहिती हाच आहे; टीकाकाराला कोठडीत घालून अफवा मरत नाही.

लोकमान्यांनी १९१६ साली याच बेळगावात होमरूल लीगची स्थापना केली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याआधी 'केसरी'तील लेखांपायी त्यांनी मंडालेची सहा वर्षे भोगली. ते लेख राजद्रोही नाहीत, असे ते न्यायालयात दिवसेंदिवस मांडत राहिले. पण लेखांची जबाबदारी मात्र त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात घातली नाही. छापील शब्दामागे माणूस उभा असे. आजच्या नेत्यांकडून आम्ही मंडाले मागत नाही. आपल्या नावाने निघालेला शब्द आपला की परका, एवढे चोवीस तासांत सांगावे, इतकेच मागतो.

यापुढे मते मागायला कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारी आला, की रस्ते-पाण्याबरोबर हेही विचारू या: आपले अधिकृत खाते कोणते, ते कोण चालवते आणि त्यावरच्या शब्दाला आपण बांधील आहात काय?

आणि आपल्याकडे एक पथ्य. सीमेबद्दलचा एखादा तप्त संदेश रात्री मोबाइलवर आला, तर सकाळचे वर्तमानपत्र येईपर्यंत तो पुढे धाडू नये. दगड फेकणारा कोणत्याही बाजूचा असो, काच फुटते ती आपल्याच गाडीची.